पंखा थांबला की दार उघडायचं

दादानं नागपूरहून फर्मान काढलं, मुदत एक महिना. "मी कवाही येईन, न सांगता येईन. मायनं दार उघडलं तं राहू दे तिले बालाघाटले. नाही उघडलं तं त्याच गाडीत बसवून घेऊन जातो."

त्याचीही चूक नव्हती. मागच्या खेपेला तो पाऊण तास उन्हात बेल दाबत उभा होता आणि आत माय मजेत तांदूळ निवडत बसली होती. तिचे कान गेलेत, आणि कानाची मशीन शिट्टी मारते म्हणून ती डब्यात. मी कोर्टात टायपिस्ट, दिवसभर घराबाहेर. पण मायला नागपूर नको होतं आणि मला मायशिवायचं घर नको होतं. मी चिडले आणि त्याच रागात एक स्मार्ट बेल आणि तीन स्मार्ट बल्ब मागवले. चिडले की माझं डोकं भारी चालतं.

बेल दाबली की घरातले तिन्ही बल्ब तीनदा उघडमीट करणार! बसवलं त्या दिवशी मीच वीसदा बाहेर जाऊन बेल दाबली. दर वेळी माय टाळ्या वाजवत दार उघडायची. नुसती दिवाळी!

दुसऱ्या दिवशी सगळं ठप्प. मायनं भिंतीवरची बटणंच बंद केली होती. "भर दिवसा लाईट काहून जाळायचे?" मी बटणांवर चिकटपट्टी लावली. तिनं ती सोलली आणि बटणं पुसून लख्ख केली. हात जोडले बाई तुला!

मग लक्षात आलं, उन्हाळ्यात माय एकच वस्तू कधी बंद करत नाही, ती म्हणजे पंखा. मिस्त्रीला बोलावून तोच बेलला जोडून घेतला. बेल वाजली की पंखा बंद, थोड्या वेळानं पुन्हा चालू. हवा थांबली की माय उठणारच. आणि उठायचीही! पण लाईट जाऊन आली की राउटर जागा होईपर्यंत पंखा वाय-फाय शोधून दमायचा आणि मग दिवसभर रुसायचा. राउटरला छोटी बॅटरी दिली, तेव्हा कुठे रुसवा गेला. तरी ऑफिसात मी सारखी मोबाईल काढून बघायचे, पंखा ऑनलाइन आहे ना? दिसला की आपोआप हसू यायचं. शेजारच्या टेबलावरच्या बाबूला वाटलं, माझं कुठंतरी जमलंय.

एक भानगड मात्र उरली. लाईट गेली तरी पंखा थांबतोच, आणि माय दार उघडतेच. बाहेर गल्लीतल्या बायका आधीच आपापल्या दारात, "तुमची बी गेली काय?" विचारत. माय त्यांच्यात रमायची. मी कानाशी ओरडायचे, "अवो माय, लाईट गेली, कोणी आलं नाही!"

"हौ, पण एवढ्या बाया आल्या ना!"

महिना संपायला दोन दिवस होते. दुपारी मोबाईलवर दिसलं, पंखा ऑफलाइन. लाईट गेली असणार. पाठोपाठ दादाचा फोन, "दारात आहो." आता तो कितीही बेल दाबो, बंद करायला पंखा चालू तर हवा!

"दादा, थांब, मी येऊन राह्यली..."

"काहून? मी गाडीतून उतरलो नाही तं माय दार उघडून उभी! बेलले हातच नाही लावला मी. हे कसं केलं तू?"

"सेटिंग आहे," मी म्हटलं, आणि फोन ठेवून भर ऑफिसात खो खो हसत सुटले.

संध्याकाळी चहा पिऊन दादा एकटाच गाडीत बसला. गाडी वळताच मी मायचे दोन्ही हात धरून तिला गरगर फिरवलं. तीही पोट धरधरून हसली. मग तिनं दाराआडून एक पिशवी काढली आणि पलंगावर रिकामी केली. तीन लुगडी, चष्म्याची डबी, गुडघ्याचं तेल, माझा शाळेतला फोटो. एकेक वस्तू उचलून ती कपाटात ठेवायला लागली.

माझं हसू तिथंच थांबलं. तिच्या तोंडासमोर जाऊन मी विचारलं, "माय, हे कधी भरलं?"

"दादा बोलला त्याच दिवशी," ती म्हणाली. "तुया मशीनीचा काय भरोसा!"