दगड चालतात तेव्हा

देवीदासच्या बेडरूममधला जुना विंडो एसी एप्रिलपासून ठोकतो आहे. सलग नाही. ठक, मग बराच वेळ नुसती घरघर, मग ठक ठक. त्याच्या बायकोने, नीलांबरीने, दोनदा मेकॅनिक बोलावला आणि दोन्ही वेळा देवीदासने त्याला दारातूनच परत पाठवलं.

"थंड करतोय ना? मग असू दे."

"प्लँटवर काटा जरा हलला तर घरी यायचं विसरतोस. आणि घरातलं असू दे?"

देवीदास मूळचा नाशिकचा. गॅस प्लँटवर इन्स्ट्रुमेंट इंजिनियर, वय बावन्न, शांत माणूस. दोह्यातल्या अल सद्द भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये अंडंसुद्धा येत नाही. तरी कित्येक वर्षं दर जूनला तो हिमाचलात ट्राउट धरायला जायचा. हे वेड तबिशचं. तबिश काश्मीरचा, त्याच्याच शिफ्टमधला. या प्रकारात गळाला आमिष नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची, ती पाण्यावर अलगद टाकायची, मासा फसला की क्षणभर हातात घ्यायचा आणि सोडून द्यायचा.

"खायचा नाही, विकायचा नाही," नीलांबरी म्हणायची, "मग त्या बिचाऱ्याला बाहेर काढता कशाला?"

"हाल पूछने, भाभी," तबिश म्हणायचा.

कतारमध्ये नदी नाही, म्हणून हिवाळ्यात दोघे उम्म सलाल मोहम्मदला एका ओळखीच्याच्या शेतावर जाऊन गवतावर सराव करायचे. गळाच्या जागी लाल लोकरीचा गोंडा. दोन प्रौढ माणसं तासन्‌तास गवतावर दोरी भिरकावतात आणि कुंपणाआडून बकऱ्या बघतात, असा एक व्हिडिओ नीलांबरीच्या फोनमध्ये आहे. आता ती तो उघडत नाही.

जूनमध्ये बर्फ वितळतं, वर डोंगरात पाऊस पडतो, आणि नदी चढते. गढूळ होते. इतर लोक गळ गुंडाळून परततात. तबिशला नेमकं तेच पाणी आवडायचं. जायच्या आधी तो याच डायनिंग टेबलाशी बसून करक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाच्या ग्लासात एकेक माशी सोडायचा आणि ग्लास खिडकीच्या उजेडात धरायचा. पाण्याचा रंग अगदी तसाच होतो म्हणे. जी माशी दिसत राही, ती डबीत जाई. बहुतेक काळी आणि मोठी. या कामाचे दोन ग्लास नीलांबरीने वेगळे ठेवले होते, देवाच्या नैवेद्याला चुकून जाऊ नयेत म्हणून.

"गढूळ पाण्यात माशाला वीतभर पुढचं दिसत नाही," तबिश समजावायचा. "धारेत टिकतही नाही. तो काठाला येऊन बसतो, तुमच्या पायाशी. माशी हळूहळू त्याच्या नाकासमोरून न्यायची. माणसाने आत उतरायचं कामच नाही."

गेल्या जूनमध्ये तो उतरला. वळणापलीकडचा काठ चांगला दिसत होता आणि मध्ये गुडघाभर पाण्याचा एक फाटा होता. चढलेल्या नदीच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून दोघांची एक रीत होती. जो नजरेआड जाईल त्याने लोखंडी टोकाची काठी दगडावर आपटत चालायचं. मागच्याने कान द्यायचा. आवाज येतोय तोवर काळजी नाही.

तबिश परत आला नाही. सापडलाही नाही. देवीदासने पोलिसांना सांगितलं, आणि दोह्याला परतल्यावर फरजानाला, तबिशच्या बायकोला, सांगितलं, की मी काठावर माशी बदलत होतो, काठीचा आवाज खूप वेळ येत होता.

त्या एका वाक्यावर फरजानाने वर्ष काढलं. आवाज येत होता म्हणजे फाटा पार झाला. म्हणजे तो वळणापलीकडे जमिनीवर होता. मग वाट चुकला असेल, डोक्याला मार लागला असेल, कुठल्या तरी गावात असेल. या जूनमध्ये ती स्वतः निघाली होती. पलीकडच्या काठाने, त्याचा फोटो घेऊन, एकटी.

"तिला अडव," नीलांबरी म्हणाली. "नदी याच महिन्यात चढते, तूच सांगतोस. ती त्या काठाने चालणार. तिला पाण्याची काय माहिती?"

"मी काय सांगू?"

"ते मला काय माहीत? तिथे तू होतास."

बेडरूममध्ये ठक झालं. देवीदासने मान वर केली, आणि मग खांदे सैल सोडले. नीलांबरीच्या हे एप्रिलपासून लक्षात येत होतं. आवाजाने तो दचकत नसे. आवाज थांबला की दचकत असे.

फरजाना शनिवारी दुपारी आली. कोऱ्या ट्रेकिंग बुटांचा खोका तिने दाराशी ठेवला, घालून बघितले नव्हते म्हणाली, इथेच घालून चालून बघते. नीलांबरीने चहा आणला, साधा, घरच्या कपात.

"भाईसाब, एकदा नीट सांगा," फरजाना हिंदीत म्हणाली. "आवाज वरच्या बाजूला जात होता की खालच्या? मला सुरुवात कुठून करायची ते ठरवायचंय."

देवीदास कपाकडे बघत राहिला. दुधाळ, तांबूस. त्याने कप उचललाच नाही.

आतून ठक ठक आलं. मग पुन्हा.

फरजानाने बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. "अंदर कौन है?"

नीलांबरीने देवीदासकडे पाहिलं.

"भाभी, कोई है अंदर?"

"कोणी नाही," देवीदास म्हणाला. मराठीतच बोलला, मग हिंदीत पुन्हा म्हणाला. "कोई नहीं है. त्या दिवशीही असंच होतं."

फरजानाने हातातला कप खाली ठेवला.

"मी खाली मान घालून गाठ मारत होतो. चष्म्यावर पाणी उडालेलं, गाठ जमत नव्हती. आवाज येत होता. चाललाय, म्हटलं. गाठ झाली, वर पाहिलं. वळणापर्यंत कोणी नव्हतं. फाट्यातही नव्हतं. आणि आवाज तसाच येत होता, फरजाना. माझ्या समोरून, पाण्याच्या आतून. नदी चढली की तळाचे दगड गडगडत जातात, एकमेकांवर आपटतात. तो कधी गेला मला माहीत नाही. पहिल्या ठोक्यानंतर गेला की शेवटच्या."

"म्हणजे काठी नव्हतीच?"

"असेलही आधी. मला सांगता येत नाही. एक वर्ष रोज ऐकतोय, सांगता येत नाही."

नीलांबरी उठली. "मी बंद करते तो एसी," ती म्हणाली, कारण काहीतरी करायला हवं होतं.

"नको," फरजाना म्हणाली.

ती बेडरूममध्ये गेली, पलंगाच्या कडेवर बसली आणि ऐकत राहिली. घरी जाताना बुटांचा खोका तिने उचलला नाही. तिकीट रद्द केल्याचं तिने दोन दिवसांनी फोनवर सांगितलं.

आता जून संपत आला आहे. मेकॅनिकला कोणी फोन केलेला नाही. फरजाना शनिवारी येते, आतल्या खोलीत थोडा वेळ बसते, चहा घेऊन जाते. नीलांबरी तिला कधी काही विचारत नाही. दुपारी नीलांबरी घरात एकटी असताना, कणीक मळता मळता, आतला ठोका कधी कधी फार वेळ येत नाही. मग तिचे हात परातीतच थांबतात, आणि तो पुन्हा येईपर्यंत हलत नाहीत.