जोडपत्रासाठी अडलेला निषेध

आमच्या कचेरीत टपाल पाठवण्याचं काम बघणाऱ्या कारकुनांना सगळे पंडित म्हणत. कारण एकच, एक गाजलेली जुनी कादंबरी त्यांना तोंडपाठ आहे असा त्यांचा लौकिक. घरी पडद्याचा रंग ठरवतानाही त्यांना कोणी विचारत नसे. कचेरीत मात्र त्या कादंबरीपुरता त्यांचा शब्द अखेरचा.

यंदा तिच्यावर मालिका आली. आजची एक मुलगी लिफ्टमधून शंभर वर्षं मागे, थेट कादंबरीतल्या घरात उतरते. लोकांनी तेही गोड मानून घेतलं. शेवटच्या भागात मात्र घर सोडून निघालेली नायिका बंदरावरून माघारी फिरली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काम बंद पडलं.

“वाटोळं केलं हो कादंबरीचं!” टायपिस्ट बाई कडाडल्या. “पुस्तकात काय आहे, पंडित?”

“बोटीत चढते. मागे वळून बघत नाही,” पंडित डोळे मिटून म्हणाले.

“आणि ही परत फिरली! मग ती लिफ्टवाली शंभर वर्षं मागे झक मारायला गेली होती का?” पहारेकऱ्याने विचारलं.

जेवणाच्या सुट्टीआधी वाहिनीला पाठवायचं निषेधपत्र तयार झालं. एक्केचाळीस सह्या. अकरावी माझी.

ते जावक क्रमांकासाठी माझ्या टेबलावर आलं. पुराव्याचा कागद जोडल्याशिवाय मी पत्र सोडत नाही, निषेधाचंही नाही.

“पंडित, शेवटच्या पानाची प्रत जोडा.”

त्यांनी कव्हर घातलेलं पुस्तक बिचकत पुढे केलं. दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानाच्या तळाशी ‘ती बंदराकडे’ एवढ्यावर वाक्य तुटलं होतं. पुढची पानंच नव्हती.

“पुढचं?”

“घेतलं तेव्हापासून असंच आहे, साहेब. पण पुढचं उघडच आहे की!”

मी कचेरीच्याच वाचनालयातली प्रत मागवली. तिच्या कार्डावरची शेवटची नोंद एकोणीस वर्षांपूर्वीची. शेवटचं पान उघडलं. नायिका बंदरावरून माघारी फिरते. लिफ्ट सोडली तर मालिकेत दाखवलं तसंच.

पंडितांनी ते पान उभ्यानेच दोनदा वाचलं. चेहरा पार उतरला.

“पंडित, गेलं का पत्र?” बाहेरून बाईंचा आवाज आला.

“साहेब,” ते हळूच म्हणाले, “यांना कळलं तर मला इथे काळं कुत्रं विचारणार नाही.”

“जोडपत्र अपुरं आहे, बाई. थांबलंय,” मी ओरडून सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये राहिलं. आठवड्याभरात दुसऱ्या एका मालिकेने शेवट बिघडवला आणि एक्केचाळीस जणांचा संताप तिकडे वळला. वाचनालयातलं पुस्तक पंडित घरी घेऊन गेले, तिसऱ्या दिवशी परत घेऊन आले.

“खरं सांगा साहेब, माझा शेवट बरा होता की नाही?”

“होता.”

“मग लेखकानंच घाण केली म्हणायची,” ते समाधानाने म्हणाले आणि शिक्के मारायला बसले.