आज बाळ फोटोवालीकडे

आमच्या घरात तिला सगळे फोटोवाली म्हणतात. ती माझी धाकटी जाऊ. आमच्या पुतण्याने लहानपणी शाळेत सांगितलं होतं की माझी काकू माणसांचे आतून फोटो काढते, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. तसं ते खोटंही नाही. मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात तिचा विभाग आहे. तिथे पेशंटला किरण सोडणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देतात. ते औषध अंगात जिथे जायचं तिथे जाऊन बसतं आणि मग एक मोठा कॅमेरा ते कुठे बसलंय ते टिपतो. एवढं मला तिनेच समजावलं. "एक्स-रेवाले बाहेरून उजेड टाकतात," ती म्हणते, "आम्ही पेशंटच्या आतच दिवा लावतो."

तिचा दिवस उजाडायच्या आत सुरू होतो. विभागात शिशाच्या जाड भिंतीआड एक यंत्र ठेवलेलं असतं, त्यातून रोज सकाळी ताजं औषध काढावं लागतं. त्या यंत्राला तिथले लोक गाय म्हणतात. त्यामुळे आमची फोटोवाली डबा घेऊन जिना उतरताना "चालले धार काढायला" असं सांगूनच जाते. हे दूध टिकत मात्र नाही. सकाळी रुपयाभर असलं तर दुपारी आठ आणे उरतं. म्हणून पेशंट उशिरा आला की तिचा जीव खालीवर होतो. पण ती त्याला आधी आत घेते आणि मग बोलते.

आम्ही तिघी जावा एकाच इमारतीत तीन मजल्यांवर राहतो. चुली वेगळ्या, भांडणं एकत्र. तळमजल्यावर मोठ्या जाऊबाई. त्यांना आम्ही पाठीमागे फौजदार म्हणतो, आणि त्यांना ते ठाऊक आहे. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाला मुलगी झाली. घरात कितीतरी वर्षांनी तान्हं मूल आलं. बाळ घरी आलं त्या संध्याकाळी फोटोवाली कामावरून थेट तळमजल्यावर गेली, हातपाय धुतले आणि दोन्ही हात पुढे केले.

"तू आपली लांबूनच बघ हं," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. "तुझं ते किरणांचं काम."

फोटोवाली हसली. छातीवर लावायचा बिल्ला पर्समधून काढून दाखवला. "जाऊबाई, हा दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. माझ्या अंगावर जास्त काही आलं तर हा लगेच चुगली करतो. आजवर एकदाही केलेली नाही."

"बिल्ल्याला काय कळतंय लेकराचं."

"आणि माझा मुलगा? मी याच कामात होते तेव्हाच झाला ना तो? सहा फूट झालाय, दारातून वाकून येतो."

"त्या वेळी देवाने राखलं. दर वेळी त्याला कामाला लावू नये."

जाऊबाईंच्या मनात वाकडं काही नव्हतं. त्यांना भीती होती, आणि भीतीला हिशेब दाखवून उपयोग नसतो, हे फोटोवालीला माझ्यापेक्षा जास्त माहीत. रोज घाबरलेली माणसंच तर येतात तिच्याकडे.

तिने वाद घातला नाही. रोज संध्याकाळी वर जाता जाता ती तळमजल्याच्या उंबऱ्यावर थांबायची, जणू कुणी रेघ मारून ठेवलीय. तिथूनच चुटक्या वाजवायची, तोंडाने चक् चक् करायची. होता होता बाळ तिच्या पावलांच्या आवाजाने मान वळवू लागलं. ते बघून जाऊबाई विषय बदलायच्या.

एकदा जिन्यात ती मला म्हणाली, "ताई, ती आता मान धरायला लागलीय. मग बसेल, मग रांगेल. मांडीवर मावायचे दिवस थोडेच असतात गं." बस, एवढंच. आणि किल्ल्या शोधत वर गेली.

देवाजवळ बसल्यावर माझ्या मागण्या फार नसतात. त्या दिवसापासून एक वाढवली. आणि देव ऐकतो, पण त्यासाठी पाय कुणाचा वापरेल सांगता येत नाही.

बाळ संध्याकाळी चालवल्याशिवाय झोपायचं नाही. जाऊबाई त्याला खांद्यावर टाकून दारापासून खिडकीपर्यंत तासन्‌तास फेऱ्या मारायच्या. मारता मारता त्यांची नडगी दुखायला लागली. आधी तेल चोळलं, मग शेक दिला, मग गप्प बसून सोसलं. शेवटी लंगडायला लागल्या तेव्हा मी डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रेत काही दिसेना. डॉक्टर म्हणाले, हाडाला केसासारखी चीर असू शकते, स्कॅन करून घ्या.

"म्हणजे फोटोवालीकडे?" जाऊबाईंनी मला विचारलं.

"फोटोवालीकडे."

"दुसरीकडे कुठे होत नाही का?"

नाही होत, असं कळलं. ठरल्या दिवशी मी त्यांना घेऊन तळघरात उतरले. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल. पण स्वच्छ, शांत जागा. दारं तेवढी जड. इंजेक्शनच्या खोलीत टेबलावर शिशाची छोटी भिंत, तिला जाड पिवळसर काच, आणि काचेमागे आमची फोटोवाली पांढऱ्या कोटात. घरी लोण्यासारखी मऊ, इथे हातात घड्याळ बसवल्यासारखी नेमकी. तिने उचललेल्या सिरिंजवर धातूची जाड नळी होती.

"सुईलासुद्धा चिलखत?" जाऊबाई म्हणाल्या.

"तुम्हाला एकदाच टोचणार. मी दिवसभर टोचत असते. चिलखत माझ्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही."

तिच्यासोबत काम करणाऱ्या बाई पुढे आल्या, "नातेवाईक आहेत, मी देऊ का?" म्हणून. जाऊबाईंनी हात मागे घेतला. "नको, हिलाच देऊ दे. हिचा हात हलका आहे."

मी छताकडे बघितलं. शिरेत सुई घालायला हात चालतो, बाळ घ्यायला चालत नाही.

इंजेक्शन झालं. "आता तीन तास थांबायचं," फोटोवाली म्हणाली. "भरपूर पाणी प्यायचं. आणि स्वच्छतागृह ते कोपऱ्यातलं वापरायचं, ते तुमच्यासारख्यांसाठी वेगळं आहे."

"आमच्यासारख्या म्हणजे कशा?"

"दिवा लावलेल्या. आणि जाऊबाई, आज बाळाला जवळ घ्यायचं नाही. उद्या सकाळपासून खुशाल घ्या."

"आज, म्हणजे रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा. औषध एवढंसं असतं, भिण्यासारखं काही नाही. पण तान्ह्याला तेवढं तरी कशाला. आज लांबूनच बघा."

टोमणा नव्हता तो. आमच्या आधीच्या माणसालाही तिने हेच सांगितलं होतं, त्याच आवाजात. पण जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि मी पाण्याची बाटली उघडायच्या कामात गुंतले.

स्कॅनच्या वेळी फोटोवालीने मला काचेपलीकडे बसवलं. कॅमेऱ्याचे दोन मोठे चौकोन जाऊबाईंच्या वर-खाली सरकत होते. "श्वास घ्या, बोलू मात्र नका." फौजदार अर्धा तास गप्प पडून राहिल्या, हे घरी कुणाला खरं वाटलं नसतं. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी सगळा सांगाडा उमटत गेला, चांदणं पडावं तसा. नडगीवर एक ठिपका जरा जास्तच लखलखत होता. मी फोटोवालीच्या तोंडाकडे बघितलं. काही कळेना.

"काय दिसलं गं?" जाऊबाईंनी उठल्या उठल्या विचारलं.

"सांगायचं डॉक्टरांनी. मी फक्त फोटोवाली."

तिची सुटायची वेळ झाली होती, म्हणून तिघी बरोबरच निघायचं ठरलं. बाहेरच्या दाराशी एक छोटं यंत्र होतं. "जाऊबाई, तुम्ही जरा त्या टोकाला थांबा, नाहीतर हे तुम्हालाच मोजत बसेल," असं म्हणून तिने त्याच्यापुढे हात धरले, मग कोट, मग चपला. यंत्र मधूनच टिक करायचं, गळक्या नळासारखं, आळसावून.

"हे काय?" जाऊबाईंनी लांबून विचारलं.

"घरी निघण्याआधी बघते. हातावर औषध काही राहिलं तर नाही ना."

"रोज?"

"रोज. बाळ यायच्या आधीपासून."

जाऊबाई लंगडत पुढे आल्या आणि आपलाच हात यंत्रापुढे धरला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसं ते तडतडलं. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. हाताकडे बघितलं, फोटोवालीकडे बघितलं, आणि एकदम हसत सुटल्या. पोट धरून हसल्या.

"म्हणजे घरात धोक्याची मी."

"उद्या सकाळपर्यंतच," फोटोवाली म्हणाली.

घरी आलो तर दारातच सून बाळाला घेऊन उभी. बाळाने रडून घर डोक्यावर घेतलेलं. जाऊबाईंचे हात आपोआप पुढे गेले. मग आठवलं, तशा हात पाठीमागे बांधून समोरच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी पुढे झाले.

"हिच्याकडे नको. मधली फार हलवते," भिंतीकडून हुकूम आला. "फोटोवालीकडे दे."

फोटोवाली सवयीने उंबऱ्यावरच थांबली होती.

"आत ये की. तिथे काय मुहूर्त बघतेस?"

तिने कोपरापर्यंत हात धुतले, नीट पुसले आणि बाळाला घेतलं. बाळ रडायचं थांबलं, तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिलं, आणि मग निवांतपणे तिचे कपडे ओले केले.

"झाली ओळख," सून म्हणाली.

"मान धर," भिंतीकडून आवाज.

"धरलीय."

"आणि बसू नकोस, चालव. दारापासून खिडकीपर्यंत. खिडकीशी जरा थांब, तिला दिवे आवडतात."

ती ओल्या कपड्यांनी फेऱ्या मारत राहिली. त्या रात्री देवाजवळ बसले तर मागायचं काही आठवेना.

रिपोर्टमध्ये नडगीला चीर निघाली, अगदी केसाएवढी. डॉक्टरांनी दीड महिना पायावर भार टाकायचा नाही म्हणून सांगितलं. सकाळी बाळ आजीच्या मांडीवर असतं, ते ठीक. पण संध्याकाळच्या फेऱ्या आता फोटोवालीकडे लागल्यात. जाऊबाई स्टुलावर पाय ठेवून जिन्याकडे कान लावून बसतात आणि तिला जरा उशीर झाला की मला हाक मारतात.

"अगं मधले, आज हिची गाय आटली की काय? पोरगी कधीची दाराकडे बघतेय."