फळीवरचे दाजी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं हसू येईलच याची मी हमी देत नाही. माणसानं गाढवपणा करावा, पण आपल्या गावात करावा. चार लोक बघतात, आठ दिवस चघळतात, विसरून जातात. मी तो केला सातासमुद्रापार, परमुलखातल्या डोंगरावर, कमरेएवढ्या बर्फात. आणि केला कुणाच्या जिवावर? सख्ख्या बहिणीच्या कुंकवावर.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. मी कोरेगावकडचा, उसाच्या रानातला गडी. धाकटी बहीण सोना म्हसवडकडं दिलेली. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, आणि मी एकाच पलटणीत. निघताना सोनानं एवढंच सांगितलं, "दादा, ह्यास्नी परत आण. मला दुसरं काय नगं."

मी म्हणालो, "आणतो." बोलायला काय जातं?

बोटीनं इटलीत उतरलो. तिकडं मोठमोठी शहरं आहेत, घरांवर घरं आहेत, ट्रामगाड्या आहेत, असं ऐकलं होतं. आमच्या वाट्याला आला चिखल, चिखलानंतर डोंगर आणि डोंगरावर बर्फ. पहिल्या दिवशी दाजींनी मूठभर बर्फ तोंडात टाकला, विचार केला आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्ये आमच्या माणदेशात पडाय पायजे व्हतं. इतळून इहिरीला पाणी तरी आलं असतं."

आमची चौकी म्हणजे डोंगरमाथ्यावरचं एक पडकं घर. घरधनी पळून गेलेला, गोठ्यात दोन बैल थंडीनं मरून लाकूड झालेले. त्याच गोठ्यात आम्हाला दोन लांब फळ्या सापडल्या, पुढून टोक वर वळवलेल्या. तिकडचे लोक या फळ्या पायाला बांधतात आणि उतारावरून घसरत खाली येतात. कशासाठी? हौसेसाठी! लढाई नसताना शहरातले शेठलोक बायकापोरं घेऊन, भाडं खर्चून, मुद्दाम घसरायला येतात म्हणे. दाजींनी एक फळी पायात चढवून बघितली आणि दुसऱ्या क्षणाला ते खाली बसलेले होते. "ह्यास्नी घरी काय काम नसतंय का?" एवढंच ते बोलले.

मग एका सकाळी तोफेचा गोळा घरावर पडला. दोन शिपाई जागच्या जागी गेले. दाजींच्या पायावर भिंत आली, नडगी मोडली. डोलीवाल्यांना बर्फातून वर येता येईना आणि पाय तर काळानिळा पडत चाललेला. सुभेदारसाहेब म्हणाले, "तुझा पाव्हणा हाय, तूच ने खाली."

आता इथं माझ्यातला कुणबी जागा झाला. आपण रानात ढेकळं फोडायला फळी मारतो की नाही? पुढं दोर, दोराला बैल, फळीवर वजनाला माणूस उभा. मी त्या दोन फळ्या शेजारी शेजारी ठेवल्या, आडव्या काठ्या ठोकल्या, पुढं दोर लावला. दोराला मी. फळीवर दाजी, आडवे.

दाजी पडू नयेत म्हणून माझ्या पायाच्या पट्ट्या सोडून त्यांना फळीला बांधायला लागलो, तसे ते कळवळले. "पाव्हणं, बांधू नगासा. मेलेल्याला बांधत्यात. खांदा द्या, मी लंगडत येतो."

"गप पडा," मी म्हणालो. "फळी काय मला शिकवता? जलम गेला माझा फळी मारण्यात."

सपाटीवर फळी लय झकास चालली. दाजीसुद्धा म्हणाले, "बरं चाललंय की." मग उतार लागला.

आता तुम्हीच सांगा, रानातली फळी कधी बैलाच्या पुढं पळाली आहे का? फळीला मागूनही धरायचं असतं, हे आमच्या सात पिढ्यांत कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. कारण वावरात तशी वेळच येत नाही. मागून सर्रकन आवाज आला, माझ्या टाचांवर दणका बसला, मी तोंडावर पडलो आणि सख्खा दाजी माझ्या पाठीवरून निघून गेला.

"आवं पाव्हणं, धरा की!"

तेवढं ऐकू आलं. पुढं धुकं होतं.

मी पडत, धडपडत मागं धावलो. एका कड्याच्या तोंडाशी फळीचा तुटका तुकडा आणि दाजींची लोकरी टोपी पडलेली. खाली दरी. मी हाका मारून मारून घसा फोडला. उत्तर नाही. तिथंच बर्फात बसून मी गुरासारखा रडलो.

परत आल्यावर सुभेदारसाहेबांनी विचारलं, "डोळ्यानं बघितलंस का? न्हाईतर बेपत्ता म्हणून कळवतो."

मला सोना दिसली. बेपत्ता म्हणजे उंबऱ्यात बसून जन्मभर वाट बघणं. त्यापेक्षा एकदाच काय ते रडून होऊ दे, असं मला वाटलं. मी म्हणालो, "व्हय साहेब. डोळ्यानं बघितलं."

तार घरी गेली.

दहाव्या दिवशी आम्ही दाजींचं दहावं घातलं. आमचा लांगरी, म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी, लखू सांगलीकडचा. मोठा मायाळू माणूस. त्यानं आपल्या वाट्याच्या तांदळाचा भात शिजवला आणि बर्फावर पिंड मांडला. कावळा आला, पण तोही विलायती, अंगात राखाडी बंडी घातल्यासारखा. झाडावर बसून राहिला. भाताकडं ढुंकून बघेना.

"पाव्हण्याचा जीव कशात तरी आडाकलाय," लखू म्हणाला. "सबूद दे."

मी हात जोडले. "दाजी, सोनाला अंतर देणार न्हाई." कावळा हलेना. "पोराला शिकवीन." हलेना. "म्हसवडच्या सिद्धनाथाला पायी जाईन." हलेना. माझी खिलारी जोडी दाजींच्या लय डोळ्यात होती. काळजावर दगड ठेवून म्हणालो, "माजी बैलं तुमच्या दावणीला बांधीन." कावळ्यानं मान फिरवली.

सगळी पलटण थंडीत कुडकुडत उभी. शेवटी मला रडू फुटलं. "दाजी, चूक माजी. तुमी बांधू नगा म्हणत व्हता."

कावळा खाडकन खाली आला आणि अर्धा पिंड घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात भटारखान्यावर गोळा पडला आणि लखू गेला. त्याच दिवशी पुढं कूच करायचा हुकूम आला. त्याला भात नाही, कावळा नाही, आम्ही मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मग एकदा इस्पितळातून बरा होऊन आलेला एक शिपाई मला म्हणाला, "गड्या, तुझा दाजी नेपल्सला हाय. तुझ्या नावानं बोटं मोडतोय."

झालं होतं काय, की कड्याच्या तोंडाशी दगडावर आपटून फळी वळली आणि दाजी दुसऱ्याच अंगानं उतरले ते थेट खालच्या वस्तीतल्या उकिरड्यात. शेणखतात कमरेपर्यंत रुतले. कुणब्याच्या लेकराला दुसरं कोण वाचवणार? शेजारी गोऱ्यांची छावणी होती. त्यांनी दाजींना उचललं. तापाच्या गुंगीत दाजी नाव सांगायचे, पण ते समजणारं तिथं कुणी नव्हतं. पुढं रोम झालं, नेपल्स झालं, ट्राम झाली, पांढऱ्या चादरी आणि दोन वेळचं दूध झालं. मोठी शहरं बघितली दाजींनी. मी बघितला तो चिखल.

दुसरी तार निघाली, पण ती पोचायच्या आधी कुबडी घेऊन दाजीच गावात पोचले. दिवस घातलेला माणूस, घरात घेणार कसा? मोठ्या लोकांनी त्यांना सिद्धनाथाच्या देवळात बसवलं आणि त्यांचं नव्यानं बारसं केलं. एवढ्या झुपकेदार मिशांच्या बाळाला पाळण्यात घालता येईना, म्हणून पाळण्याला नुसता हात लावून भागवलं. मग सोनानं हिरव्या बांगड्या भरल्या.

लढाई संपल्यावर मी भेटायला गेलो. सोनानं पायावर पाणी घातलं. मग विचारलं, "दादा, तू डोळ्यानं बघितलं व्हतंस?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मग माज्या बांगड्या कुणी फोडल्या?"

बाहेर दाजी माझी बैलं कधी येणार याची चौकशी करत होते. पलटणीसमोर दिलेला सबूद त्यांच्या कानावर गेलाच होता. बैलं गेली.

गेल्या सर्वपित्रीला सोना आणि दाजी दोघं आमच्याकडं होती. मी दरवर्षी एक पान लखूच्या नावानं जास्त ठेवतो. बाकीची पानं कावळ्यांनी उचलली, लखूचं तसंच राहिलं. भात वाळायला लागला.

दाजी ओट्यावरून म्हणाले, "पाव्हणं, बैलं कबूल करू नगासा. ती माजी हायती."

सोना दारात येऊन उभी राहिली. "दादा, त्ये म्हण की."

"आगं, लखूच्या मरणात माजी काय चूक?"

"नसंल. तरीबी म्हण."

मी हात जोडले. भिंतीवर कावळा कधीपासून बसला होता कुणास ठाऊक. मी "चूक" एवढंच म्हणालो आणि तो खाली उतरला. निदान माणसाचं वाक्य तरी पुरं होऊ द्यायचं.