दहाव्याच्या फ्लेक्सवर आई

इंग्लिश मीडियमच्या मुलांना मराठी वाचता येत नाही, असं माझ्या मामाने मी दुसरीत असताना ठरवलं. त्यानंतर त्याने फेरतपासणी केली नाही. मला येतं. सावकाश येतं, जोडाक्षरांपाशी जरा थांबावं लागतं, पण येतं. मी हे त्याला कधी सांगितलं नाही, कारण मी एकूणच कुणाला फारसं काही सांगत नाही. चारचौघांत मी गप्प बसते आणि लोकांना वाटतं हिला काही कळत नाही. याचे फायदे असतात.

मामाचं गाव आता पुण्यातच आहे. म्हणजे गाव जागचं हललं नाही, पुणंच चालत त्याच्याकडे आलं. आजोबा होते तोवर तिथल्या शेतात मेथी-कोथिंबीर निघायची आणि टेम्पोने मार्केट यार्डात जायची. आजोबा गेले तेव्हा शेताच्या एका कडेला गाड्या धुण्याचं सेंटर होतं, दुसऱ्या कडेला लग्नाच्या लॉनचं पार्किंग, आणि उरलेल्या तुकड्यात मामा एका बिल्डरला घेऊन रोज बांधाबांधाने फिरत होता. मामाला शेतीची इतकी ओढ आहे हे आम्हाला तेव्हाच कळलं.

आजोबांच्या दहाव्याला त्याने चौकात फ्लेक्स लावला. दहाव्याला फ्लेक्स न लावणारी माणसं तिकडे एक तर गरीब समजली जातात किंवा शिकलेली. मामाला यांपैकी काहीच व्हायचं नव्हतं. मध्ये फेटा बांधलेले आजोबा, खाली ‘शोकाकुल’ आणि त्याखाली गोल चौकटींत आम्ही सगळे. मामा गॉगल लावून शोकाकुल होता. माझे वडील बँकेत अधिकारी आहेत, म्हणून ते त्याच्या लगेच शेजारी, ‘जावई’ आणि पुढे हुद्दा. मग आई. तिच्या नावाखाली ‘एकुलती एक कन्या’. शेवटी मी, अकरावीच्या प्रवेश अर्जावरच्या फोटोत. तो फोटो मी माझ्या मैत्रिणींनाही दाखवलेला नव्हता, आणि आता तो पीएमटीच्या स्टॉपवरून दिसत होता. मी फ्लेक्सचा फोटो काढला आणि एका मैत्रिणीला पाठवून वर काहीबाही लिहिलं. दहाव्याला असं करू नये. पण आजोबांनी मामाचा गॉगल बघितला असता तर तेही हसले असते.

दोनेक महिन्यांनी मामा आमच्या फ्लॅटवर आला.

“मॅडम, एक कागद काढून दे. त्या सरकारी साईटवर कसली इंग्लिश अक्षरं टाकायला लागत्यात, आमाला काय जमंना.” गट नंबर त्याने हातावर पेनाने लिहून आणला होता. “आन् वाचत बसू नको. नुसता प्रिंट मार.”

वाचू नको म्हटलं नसतं तर मी कदाचित वाचलंही नसतं.

आजोबांच्या जमिनीवर वारसांची नावं लावण्याची नोंद होती ती, अजून मंजूर न झालेली. मामाने तलाठ्याकडे प्रतिज्ञापत्र दिलं होतं. मयताचे वारस : मुलगा, एक. अन्य वारस : नाहीत. मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा जोडाक्षरांसाठी, दुसऱ्यांदा माझंच काही चुकलं असेल म्हणून. तेवढ्यात स्वयंपाकघरातून, अस्तित्वात नसलेल्या त्या वारसाने विचारलं, “दादा, भजी तिखट चालतील ना रे?”

“चालत्यात की!”

मी प्रिंट दिला. “काय कळलं का त्यातलं?” मामाने हसून विचारलं.

“नाही मामा.”

त्याने सहा भजी खाल्ली. दुसरी प्रत माझ्या वहीत होती.

तो गेल्यावर मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं. तिने ओट्यावरचा फडका धुतला, पिळला, वाळत घातला.

“मागितलं असतं तर मी सही करून दिली असती,” ती म्हणाली.

हे खरं होतं. आमच्याकडे बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, बहुधा भाऊबीजेलाच, म्हणजे एका फेरीत दोन्ही कामं उरकतात. बहीण बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडते, भाऊ साडी देतो, आणि माहेर उघडं राहतं. याला माया म्हणतात. माझ्या दोन्ही आत्यांनी माझ्या वडिलांना अशीच माया दिलेली आहे, त्यामुळे आमच्या घरात त्या विषयावर फार तात्त्विक बोलता येत नाही. आईही देणार होती. मामाला फक्त एक साडी आणून विचारायचं होतं. त्याऐवजी त्याने तिला जन्मालाच घातलं नाही.

वडिलांनी हरकतीचा अर्ज लिहिला. मुदत संपायला चार दिवस होते. सही करताना आईने विचारलं, “माहेरचं नाव लिहू की सासरचं?” वडील म्हणाले, दोन्ही लिही. तिने माहेरचं आधी लिहिलं.

अडचण पुराव्याची होती. आईचा शाळा सोडल्याचा दाखला मामाच्या लोखंडी कपाटात होता. लग्नानंतर तिने तो तिथेच ठेवला होता, कारण माहेरी कागद सुरक्षित राहतात.

सुनावणीला आम्ही तिघं गेलो. मंडल अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवलेला होता आणि तो तिथेच असावा अशी त्यांची इच्छा दिसत होती. मामा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला होता. आत येताना त्याने आईला सवयीने विचारलं, “जेवून आलीस ना?” आणि मग टेबलासमोर उभा राहून म्हणाला,

“सायेब, ती मानलेली बहीण हाय. लांबच्या नात्यातली. आमच्या वडलांनी सांभाळली, आमी बी जीव लावला. पर वारस कशी व्हनार?”

आईने त्याच्याकडे बघितलंही नाही. पदर सारखा केला फक्त.

“बाई, तुमच्याकडे काही कागद?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“दाखला दादाकडे आहे.”

“माज्याकडं कशाला आसंल?” मामा म्हणाला.

वडील फाइल चाळू लागले. त्यात आईचं रेशन कार्डावरचं नाव होतं, आधार होतं, सगळं सासरचं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला ओरडता येत नाही. रिक्षावाल्यालाही मी ‘थांबा’ दोनदा म्हणते आणि एक स्टॉप पुढे उतरते. मी फोन काढला, मैत्रिणीबरोबरच्या गप्पा वर वर सरकवत नेल्या, आणि फोन टेबलावर ठेवला. ठेवताना तो जरा जोरात आपटला.

अधिकाऱ्यांनी चष्मा खाली घेतला. बोटांनी चित्र मोठं केलं.

“हा फ्लेक्स कुणी लावला?”

“आमीच!” मामाची मान ताठ झाली. “ईस बाय धा. आख्ख्या गावात तेवढा कुनी लावला न्हाय.”

“छान. यात ‘एकुलती एक कन्या’ कोण आहे?”

मामाने वाकून फोनकडे बघितलं. मग म्हणाला, “ते छापनाऱ्यानं टाकलं आसंल.”

“आणि ह्यांचा फोटो, नाव, जावयांचा हुद्दा, सगळं त्यालाच सुचलं? हुशार दिसतोय.” अधिकाऱ्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. “चौकात मुलगी आणि शपथेवर मानलेली. आपण यापुढे प्रतिज्ञापत्रं त्या छापणाऱ्याकडूनच करून घेत जा.”

“नजरचूक झाली, सायेब.”

“मग पुढच्या तारखेला दाखला घेऊन या. कपाटात बघा, सापडेल.”

सापडला. आईचं नाव मामाच्या नावाखाली लागलं. त्या दिवशी कचेरीतून बाहेर पडताना आईने मामालाही ऐकवलं, मागितलं असतं तर मी सही करून दिली असती.

भाऊबीजेला तो येणार नाही असं आम्हाला वाटलं होतं. तो आला. आईने पाट मांडला, कुंकू लावलं, ओवाळलं. मामाने तबकात साडी ठेवली आणि साडीवर एक घडी घातलेला कागद.

“हक्कसोड हाय. तूच म्हनलीवतीस ना, मागितलं आसतं तर दिलं आसतं? घे, मागितलं. रजिस्टरला उद्याची येळ घेतलीया.” खिशातून त्याने पेनही काढला.

आई साडीकडे बघत होती. रंग तिच्या आवडीचा होता, हे त्याला बरोबर माहीत होतं. तिने पेन हातात घेतला. मला वाटलं, झालं. मी काही बोलणार नाही अशीच सगळ्यांची अपेक्षा होती, आणि मी ती पूर्ण केली.

आईने पेन तबकात ठेवला आणि कागद उचलून मला दिला.

“हिला आधी वाचू दे.”

“हिला?” मामा हसला. “हिला मराठी वाचता येतं व्हय?”

“येतं,” आई म्हणाली. “पण सावकाश. थोडा वेळ लागेल, दादा. करंजी घे.”

मी कागद उघडला आणि वरच्या ओळीपासून सुरुवात केली. दिवाळी होऊन आता बरेच महिने झाले. मामा अधूनमधून फोन करतो, हल्ली आवाजात बराच आदर असतो. “मॅडम, कुठवर आलं?”

“जोडाक्षरं फार आहेत, मामा,” मी सांगते.