कात्रीतली तिसरी

सुगंधा तावडे भित्री होती. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाहीये, तोंडावर शंभरदा सांगितलंय. लिफ्टमध्ये चढायची नाही. रस्ता ओलांडताना माझा दंड असा आवळायची की वळ उठायचे. कुलूप लागलं की नाही ते बघायला अर्ध्या वाटेवरून परत जायची. माणसं कणकवलीकडची, वडील गिरणीत होते, संपानंतर घरीच बसले. ही मरोळच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर. आणि ही बाई दर रविवारी सकाळी सहाला घोड्यावर बसायची! बसायच्या आधी नळापाशी जाऊन उलटी करायची, चूळ भरायची, आणि मग रिकिबीत पाय घालायची. तीन वर्षं एक रविवार चुकवला नाही तिने.

मी एकदा वैतागून विचारलं, "अगं, एवढी टरकतेस तर येतेस कशाला मरायला?"

"वर बसले ना, की बाकी कशाचीच भीती आठवत नाही गं. एकच उरते, घोड्याची. तेवढी झेपते."

मला हे तेव्हा कळलं नाही. मी हसले. मी तिला बऱ्याचदा हसायचे.

आम्ही आठ जणी होतो. दोन शाळामास्तरणी, एक नर्स, बाकीच्या कुठे ना कुठे कारकुनी करणाऱ्या. मी रत्नप्रभा, मुलुंडची, बँकेत. शिकवायचे नाना शितोळे, घोडदळातून रिटायर झालेले दफेदार. पवईच्या अलीकडे माळावर त्यांचा तबेला होता आणि त्यात रेसमधून बाद झालेले आठ घोडे. बायकांची घोड्यांवरची कवायत बसवायची हे खूळ नानांनी त्र्याऐंशी साली डोक्यात घेतलं आणि आम्ही आठ वेड्या त्यांना सापडलो. नाना तोंडाने हुकूम द्यायचे नाहीत. सगळं शिट्टीवर. मैदानात त्या शिट्टीशिवाय दुसरा आवाज नको, ही त्यांची शिस्त. तीन वर्षं आमच्या घोड्यांनी मैदानात शिट्टीशिवाय काही ऐकलंच नव्हतं, आणि त्यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

कवायतीतला सगळ्यात अवघड भाग म्हणजे कात्री. चार घोडे या कोपऱ्यातून, चार त्या कोपऱ्यातून, तिरके दौडत यायचे आणि मधोमध एकमेकांच्या फटींतून पार व्हायचे. एक ह्या बाजूची, एक त्या बाजूची. गुडघ्याला गुडघा घासायचा. सुगंधा तिच्या रांगेत तिसरी, मी माझ्या रांगेत तिसरी. ती पुढून गेली की लगेच तिच्या मागून मी. ती मधे थांबली तर मी सरळ तिच्या बरगडीत. म्हणून थांबायचं नाही, काही झालं तरी थांबायचं नाही, असं नानांनी घोटून घोटून सांगितलं होतं.

शहाऐंशीच्या जानेवारीत अंधेरीच्या एका शिक्षणसंस्थेच्या क्रीडामहोत्सवाचं आमंत्रण आलं. लोकांसमोरचा आमचा पहिला कार्यक्रम. मी तर हवेतच होते. बँकेत सगळ्यांना सांगून झालं होतं, साहेबसुद्धा येणार होते. आणि कार्यक्रमाला तीन आठवडे असताना सुगंधाचा घोडा लंगडायला लागला. नानांनी घाटकोपरच्या बाळा घोडेवाल्याकडून त्याची घोडी मागून आणली. वरातीची पांढरीशुभ्र घोडी, चंपा नावाची. काय शहाणी! शिट्टी दोन दिवसांत शिकली. नाना खूश, आम्ही खूश.

दुसऱ्या रविवारी सुगंधाने मला गवताच्या गंजीमागे ओढलं. चेहरा पार उतरलेला.

"रत्ने, बाळाभाऊ काय म्हणाले माहितीये? चंपा बँड ऐकला की थांबते. वरातीत लोक नाचायला लागले की जागच्या जागी पाय आपटत उभी राहते. तसंच शिकवलंय तिला. नवरदेव पडू नये म्हणून."

"मग?"

"मग काय मग? तिथे बँड असला तर? मधोमध थांबली तर?"

"मग नानांना सांग की."

"मी सांगून ऐकतील ते? मागच्या महिन्यात खोगिराचा पट्टा सैल आहे म्हणून मी सगळ्यांना अर्धा तास उभं केलं, आणि पट्टा होता घट्ट. आता मी तोंड उघडलं की म्हणणार, हिचं नेहमीचंच. तू सांग ना. तुझं ऐकतात."

मी हो म्हटलं आणि निघाले. नाना चुन्याने मैदान आखत होते, वाकून, एकटेच, तोंडाने काहीतरी गुणगुणत. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर उभी राहिले. सांगितलं तर ते घोडी परत पाठवणार. सात घोड्यांवर कात्री होत नाही. कार्यक्रम रद्द. साहेबांना काय सांगू? आणि सांगायचं तरी काय, तर सुगंधाला भीती वाटते! तिला कशाची वाटत नाही? संस्थेच्या पत्रात बँडचा शब्द नव्हता. मी तशीच परत फिरले.

"सांगितलं," मी म्हटलं. "म्हणाले, बँडबिंड काही नाहीये तिथे."

तिने एवढा मोठा सुस्कारा सोडला की मला माझीच लाज वाटली. पण ती दोन मिनिटं. मग मी विसरले.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानाबाहेर आम्ही रांग धरून उभ्या होतो. सुगंधाचे ओठ पांढरे पडले होते. फार घाबरली की तिच्या तोंडी मालवणी यायची. "रत्ना, नानांक सांगलंस मां तू? नक्की?"

"अगं हो गं बाई! किती वेळा विचारशील?"

तोंडातून हे निघालं आणि त्याच क्षणी मला मांडवाच्या कडेला लाल कोट दिसले. लग्नातलेच बँडवाले. मोठा ढोल उभा करून ठेवलेला, शेजारी बसून चहा पीत होते. सुगंधाची त्यांच्याकडे पाठ होती. बक्षिसांच्या वेळेसाठी आणले असतील, मी मनाला सांगितलं. आत्ता कशाला वाजवतील? नाना वीस हातांवर उभे होते. तोंड उघडायचं आणि हाक मारायची, एवढंच काम. मी मारली नाही. तेवढ्यात शिट्टी झाली आणि आम्ही आत गेलो.

पहिली पाच मिनिटं मला काही आठवत नाहीत. गोल झाला, जोड्या झाल्या, मला फक्त ते लाल कोट दिसत होते. प्रत्येक वळणावर बघायचे, बसलेत ना, बसलेत. देवा, बसूनच राहू देत. लोक टाळ्या वाजवायला लागले. टाळ्या वाढल्या. मग त्यांच्यातला एक उठला, दुसरा उठला, ढोल गळ्यात आला. पब्लिक रंगात आलंय तर आपणही हातभार लावू, असं वाटलं असेल बिचाऱ्यांना. त्यांची काय चूक!

नानांची कात्रीची शिट्टी आणि ढोलावरची पहिली थाप एकदमच पडली.

माझा घोडा दौडत सुटला होता. समोरून पहिली गेली, दुसरी गेली, सुगंधा मधोमध आली आणि चंपा थांबली. थांबली आणि मान उंच करून जागच्या जागी पाय आपटायला लागली. मी लगाम छातीपर्यंत ओढला, पण रेसचा घोडा तो, थांबतो कशाला! सुगंधाने टाचा मारल्या. एकदा, दोनदा. घोडी हलेना. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिला पलीकडच्या बाजूने उडी मारता आली असती, तेवढा वेळ होता. मी ओरडले, "उतर! सुगंधा, उतर!"

ती उतरली नाही. तिने दोन्ही हातांनी एकच लगाम धरून घोडीचं तोंड पार पलीकडे खेचलं. घोडी फिरली, आणि माझा घोडा बरगडीवर आपटायचा तो तिच्या पुठ्ठ्याला घासून निघून गेला. मी वाचले. माझ्या मागचीनेही घोडा काढला. चंपाचा पाय मात्र सटकला आणि ती कुशीवर पडली, सुगंधा खाली.

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. हॉस्पिटलात नाना तिच्या खाटेशी उभे राहिले. हातातली टोपी चुरगळून गोळा झाली होती. त्यांनी विचारलं, "पोरी, बाळाने तुला काही सांगितलं होतं का गं या घोडीबद्दल?"

मी खाटेच्या पायथ्याशी होते. आता ही बोलणार. मी लोखंडी दांडा धरला. सुगंधाने माझ्याकडे बघितलंही नाही.

"नाही नाना," ती म्हणाली. "मला कोणी काही नाही सांगितलं."

मग दोष नानांनी स्वतःवर घेतला. वरातीची घोडी, मीच विचारायला हवं होतं, मीच गाढव, असं म्हणत राहिले. महिन्याभरात घोडे देऊन टाकले आणि तबेला बंद केला. चंपा बरी होऊन घाटकोपरला परत गेली. सुगंधाचा पाय दीड इंच आखूड झाला. मी दर शनिवारी तिच्याकडे जायचे, फळं घेऊन, आणि दर वेळी जिना चढताना वाटायचं, आज विचारणार. तिने नाही विचारलं. दोन वर्षं नाही. त्या दोन वर्षांत मला फोनच्या घंटीची भीती वाटायला लागली, नानांसारखा कोणी पाठमोरा दिसला की मी रस्ता बदलायचे.

शेवटी मीच फुटले. तिच्या स्वयंपाकघरात बसून रडत म्हटलं, "मी नव्हतं सांगितलं गं नानांना."

"माहितीये," ती कांदा चिरत म्हणाली. "बँड वाजला तेव्हाच कळलं. नानांना माहीत असतं तर त्यांनी वाजूच दिला नसता." थोड्या वेळाने तिने विळी मिटली. "मला नको सांगू. त्यांना सांग. चल, मी येते बरोबर."

नाना मरोळला मुलीकडे राहायचे, तिसऱ्या मजल्यावर. सुगंधा काठी टेकत वर आली, प्रत्येक मजल्यावर थांबून. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. गवताची गंजी, दहा पावलं, लाल कोट, सगळं. नाना ऐकत होते. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सुगंधाकडे वळले.

"आणि तू का खोटं बोललीस, पोरी?"

सुगंधाने मान खाली घातली. "मला भीती वाटली, नाना. तुम्ही हिला टीममधून काढून टाकाल म्हणून."