अजिनाथ थांबतो तिथं

अजिनाथच्या तळहातावर नारळ उभा राहतो, ह्यात काडीचं खोटं न्हाय. नारळ आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडं, आणि रानातनं चालायचं. चालता चालता नारळ थरथरतो आणि शेंडी वर करून ताठ होतो. तितं पाणी, असं समजायचं. त्याचा बाप धोंडीराम सांगोल्याकडचा नावाजलेला पाणाड्या. जमिनीखालचं पाणी बघून द्यायचा. बाप गेला तवर पोरगं सोलापुरात, विद्यापीठाच्या संग्रहालयात शिपाई लागलं होतं.

तिथं खडक-पाण्याच्या दालनात दाक्षायणी मॅडमनी रविवारचा एक खेळ मांडलेला. पाच पिंपं, वर फळ्या, पाणी एकातच. कुठल्यात ते मॅडम सोडून दालनातल्या कुणालाच ठाऊक नसायचं. अजिनाथ पहिल्यांदा नारळ घेऊन फिरला तो मॅडमची जिरवायला. नारळ उभा राहिला, फळी काढली, पिंप कोरडं. परत फिरला, परत कोरडं. मग मॅडम म्हणाल्या, "पाणी तिसऱ्यात आहे." नारळ बरोब्बर तिसऱ्यावर उभा! फळी काढली, तर तिसरंही खडखडीत.

"मुद्दाम खोटं सांगितलं तुला," मॅडम म्हणाल्या. "मनात आलं की मनगट वळतं रे. तुझं तुलाच कळत नाही."

"मंजी आमचा म्हातारा लबाड?"

"लबाड नव्हते. त्यांनाही कळलं नसणार."

त्या दिवशी अजिनाथचा डबा तसाच परत गेला. पण गडी डोक्यानं सरळ. पटलं ते पटलं. तवापासनं दर रविवारी तोच नारळ फिरवायला लागला आणि घसा फोडून सांगायला लागला, "बघा, ह्यो माझ्या मनगटाचा खेळ हाय. पाण्याचा काय संबंध न्हाय."

लोक बघायचे. पण पिंपं कोण बघतंय? सगळ्यांच्या नजरा नारळावर. एकदा अक्कलकोटकडचा सिद्धप्पा म्हातारा खेळ संपल्यावर त्याच्या कानाला लागला. "पिंपातलं पाणी नळाचं की वो. त्याला कसा उठंल नारळ? जित्या झऱ्याला उठतोय त्यो. बर्री, या एकदा आमच्या रानात."

अजिनाथ मॅडमकडं गेला. "ह्यो खेळ बंद करा मॅडम. लोकं उलटंच शिकून चाल्ल्यात."

"बंद केला तर म्हणतील, खरं निघायला लागलं म्हणून गुंडाळला."

तेही खरंच होतं. खेळ करावा तर अडकतोय, सोडावा तर जास्तच.

त्यात बहिणीचा, वैजयंतीचा फोन. डाळिंबाची बाग वाळाय लागलेली, जुनी बोअर आटलेली, टँकर पुरा पडंना. "दादा, गाडी सांगितलीया बोअरची. तू ये फकस्त."

गेला बिचारा, हात हलवत. बांधावर मेव्हणा अभिमन्यू पूजेतला नारळ घेऊन उभाच. अजिनाथनं दोन्ही हात खिशात घातले.

"दाजी, हातात काय नसतंय. वढ्याच्या अंगानं मारा. खडक तितं फुटका हाय, पाणी मुरायला जागा हाय. आजूबाजूच्या चालू बोअरी बघा, समद्या वढ्याकडंच हायत्या."

"ते आमी बघू. तुमी नारळ धरा की पाव्हणं."

"धरणार न्हाय."

वैजयंतीनं पदर खोचला. "सोलापुरात परक्या लोकांपुढं नाचवतुयास, आन भनीच्या रानात हात खिशात?"

"आगं, तितं मी त्यो खोटा पाडून दावतोय!"

"मग हितं खरा पाडून दाव की!"

अजिनाथ तसाच तरातरा ओढ्याकडं चालायला लागला. डोळ्यांत पाणी आलेलं दिसू नये म्हणून म्हणा, नायतर रागानं म्हणा. वाटेत चपलेतनं बाभळीचा काटा आरपार आला. खाली बसला, काटा उपसला, उठून बघतो तर मागं मेव्हणा. त्यानं त्या जागेवर दगड ठेवून वर हळद टाकलेली.

"काय करताय दाजी?"

"जमिनीनं पाय वडला तुमचा."

"आवो, काटा मोडला!"

"व्हय. पर त्यो हितंच का मोडला?"

गाडी आली, त्या दगडापाशीच बोअर मारली, आणि पाणी लागलं. लागणारच की, ओढ्याकाठचं रान ते. अजिनाथ भिजलेल्या चिखलात उभा राहून तेच सांगत होता. वैजयंती त्याच्या पाया पडली. शेजारीपाजारी म्हणाले, "गडी मोठ्या मनाचा. मोठेपणा घेत न्हाय."

सोलापुरात आल्यावर त्यानं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "हेच सांग रविवारी. याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मिळायचं नाही."

रविवारी दालन भरलेलं. अजिनाथनं काट्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, काही लपवलं नाही. ओढा सांगितला, खडक सांगितला. "आन ह्याच भागात किती बोअरी फेल गेल्या, त्या कोण सांगतंय का? लागलेली तेवढी सांगत्यात. तवा माझ्या नादाला लागू नगा," म्हणाला.

सगळे मन लावून ऐकत होते. मागनं एका बाईनं विचारलं, "काटा कुठल्या पायात मोडला वो, उजव्या का डाव्या?"

अजिनाथनं मॅडमकडं बघितलं. मॅडम फळीकडं बघत होत्या.

पुढं भाच्याच्या वाढदिवसाला बहिणीच्या गावी जायचं टळलं नाही. चहा त्यानं चालता चालताच पिला. वेशीपाशी जुना मैतर भेटला, त्याच्याशी बोलतानाही ह्याचे पाय हलत होते. "बस की रं घटकाभर," मैतर म्हणाला, तर ह्यानं मान हलवली. सकाळपासनं एका जागी टेकला नव्हता. अंधार पडायच्या आत लघवीला म्हणून बाभळीआड गेला. चेनला हात घातला, तवर मागं पाचोळा वाजला. वळून बघितलं. पल्याडच्या रानाचा मालक, काखेत दगड धरून, अदबीनं लांब उभा.

"व्हऊ द्या, व्हऊ द्या," तो म्हणाला. "आमाला गडबड न्हाय."

अजिनाथनं चेन वर ओढली आणि तसाच पुढं चालायला लागला.